विजूच्या हातची पोळी

"ही पोळी कुणी लाटली?"

प्रश्न मराठीत होता, म्हणून कुमुदिनीचा हात परातीत थबकला. नोएडातल्या त्या नव्या मार्केटमध्ये मराठी कानावर पडायचं नाही. तिने पदराला हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या झुलत्या दारातून बाहेर डोकावली. खिडकीजवळच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजींनी ताटलीतली पोळी उचलून उजेडासमोर धरली होती आणि तिच्या कडेवर उठलेले तीन बोटांचे ठसे त्या निरखत होत्या.

"अहो, ही विजूच्या हातची आहे," त्या म्हणाल्या.

आजोबांनी त्यांच्या हातातून पोळी हळूच काढून घेतली. "जेव आता, अहिल्या. गार होतंय."

कुमुदिनी खांबेटे सत्तेचाळीस वर्षांची होती. नवरा दिल्लीत केंद्र सरकारच्या मंत्रालयात अप्पर डिव्हिजन क्लार्क होता, तोवर लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तिची बावीस वर्षं गेली. तो गेला आणि क्वार्टरही गेलं. मूलबाळ नव्हतं. गाझियाबादला दीड खोली घेऊन ती राहू लागली. भल्लासाहेबांनी अमेरिकेतून, थेट टेक्ससहून परत येऊन 'रिओ' नावाचं मेक्सिकन जेवणाचं हॉटेल काढलं, तेव्हा शेजारणीच्या ओळखीने तिला तिथे काम मिळालं. मैद्याच्या पातळ पोळ्या लाटायच्या. त्यांना टॉर्टिया म्हणायचं, एवढंच नवीन शिकायचं होतं.

पोळी तव्यावर टाकण्याआधी तिच्या कडेवर तीन बोटं दाबायची तिला सवय होती. भल्लासाहेब सुरुवातीला ओरडले होते, "कुमुदजी, ये निशान क्यूँ? टॉर्टिया प्लेन होता है!" तिने सवय मोडायचा प्रयत्नही केला. पण बोटं आपसूक जायची. ही सवय तिला कुणी लावली, तेही आठवत नव्हतं. आईची तर नव्हतीच.

दुसऱ्या बुधवारी जोडपं पुन्हा आलं. मग दर बुधवारी साडेबाराला येऊ लागलं. रिओची गिऱ्हाइकं तशी बांधलेलीच होती. समोरच्या बँकेतल्या तीन बायका, हिरव्या मिरच्या वेगळ्या मागवणारे फौजी कॉलनीतले कर्नल आणि आता हे भागवत आजी-आजोबा. त्यांचा मुलगा ह्यूस्टनला होता. सहा महिने तिकडे राहून आल्यापासून आजींना हे मऊ घेवड्याचं, चीज घातलेलं जेवण आवडू लागलं होतं. घरी त्या दोन घासांपलीकडे जेवायच्या नाहीत.

एका बुधवारी आजोबाच दारापर्यंत आले. "जरा बाहेर येता का? तिला तुम्हाला बघायचंय. तिचं हल्ली... विसरायला होतं. दोन मिनिटं बसा फक्त."

कुमुदिनी टेबलाशी गेली. आजींनी तिचा पिठाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"वाळलीस गं विजू. होस्टेलचं खातेस ना, म्हणून."

नवरा गेल्यापासून कुमुदिनीला 'तू' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ती नुसती हसली. निघताना आजोबा तिच्याजवळ थांबले आणि खाली बघत म्हणाले, "आमची मुलगी, विजयालक्ष्मी. चौऱ्याहत्तर साली कानपूरच्या होस्टेलमध्ये मेंदूज्वराने गेली. गैरसमज नको हो. मी स्वतः अग्नी दिलाय तिला."

त्यानंतर दर बुधवारी दहा मिनिटं ती त्यांच्यापाशी बसू लागली. भल्लासाहेबही काही म्हणेनात. "बैठिए, बैठिए, आंटी खुश होती हैं." आजी तिला विजू म्हणायच्या, ती "हं" म्हणायची. यात कुणाचं काही जात नाही, असं तिला वाटायचं. मंगळवारी संध्याकाळी ती साडी इस्त्री करून ठेवू लागली.

पावसाळा संपत आला होता, तेव्हाची गोष्ट. समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या रिकाम्या खिडक्यांतून वारा येत होता. आजी त्यांच्या जबलपूरच्या जुन्या घराबद्दल बोलत होत्या. "मागच्या अंगणात विहीर होती. तिचा तो रहाट..."

"कुरकुरायचा," कुमुदिनी म्हणाली. "म्हणून बाबा त्याला एरंडेल घालायचे. दिवसभर हातांना वास यायचा."

आजी खुदकन हसल्या. आजोबांच्या हातातला काटा मात्र तसाच राहिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आजींनीच सांगितलं असेल."

"नाही," ते म्हणाले. "तिला ते माहीत नव्हतं. घरातलं औषधाचं एरंडेल संपवतो म्हणून ती रागावली असती. मी आणि विजू चोरून घालायचो."

कुमुदिनी उठली. जबलपूर तिने पाहिलं नव्हतं. ती पुण्यात, नळाच्या घरात वाढली होती. स्वयंपाकघरात जाऊन तिने परातीत हात घातला, तर पिठातून एरंडेलाचा जाड, उग्र वास आला. तिने ते पीठ टाकून दिलं आणि नवं मळलं. त्यालाही तोच वास येत होता. आचाऱ्याला तिने हुंगायला लावलं. "कुछ नहीं है, दीदी," तो म्हणाला.

पुढच्या बुधवारी ती बाहेर गेलीच नाही. तब्येत बरी नाही, असा निरोप तिने पाठवला. दाराच्या फटीतून तिला आजी दिसत होत्या. ताटाला हात न लावता त्या झुलत्या दाराकडे बघत होत्या. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच झालं. तिसऱ्या बुधवारी टेबल रिकामं राहिलं. कर्नलांनी भल्लासाहेबांना विचारलं, "वो मराठी आंटी नहीं आईं?" बँकेतल्या बायकांनी मान वळवून तिकडे पाहिलं. त्या टेबलावर दुसरं कुणी बसलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी, हॉटेल उघडायच्या आधीच, आजोबा मागच्या दाराशी आले. दाढी वाढलेली होती.

"नर्सिंग होममध्ये ठेवलंय तिला. काही खात नाही. दोन पोळ्या करून द्याल? मी घेऊन जातो."

कुमुदिनीने पोळ्या केल्या. कडेवर बोटं जाताना या वेळी तिने ती अडवली नाहीत. डबा भरून त्यांच्या हातात देता देता ती थांबली. "चला, मीच येते."

रिक्षात तिने डबा मांडीवर घट्ट धरला. आज हाक मारायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं. जन्मभरात कुणाचं काही अडलं नव्हतं आपल्यावाचून. एका शब्दावाचून या बाईचं अडलंय, तर तो देऊन टाकायचा. मग विहीर असो नाहीतर एरंडेल.

खोलीत स्वच्छ ऊन होतं. आजी उशीला टेकून बसल्या होत्या. कुमुदिनी पुढे झाली, वाकली आणि म्हणाली, "आई."

आजींनी तिच्याकडे पाहिलं. नजर नितळ, शांत होती. इतके महिने त्या नजरेवर असलेला पडदा दूर झाला होता.

"कोण आपण?" त्यांनी विचारलं. "यांच्या ओळखीच्या का? बसा ना."

कुमुदिनी स्टुलावर बसली. डबा मांडीवरच राहिला. "मी... कुमुदिनी खांबेटे. रिओमध्ये पोळ्या करते."

"हो का? छान असतात हं तुमच्या पोळ्या." आजी जरा थांबल्या. "तुम्ही मला आई म्हणालात. माझी मुलगी गेली हो. बावीस वर्षांची होती. मी तेव्हा साताऱ्याला, माझ्या आईच्या आजारपणात. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. सारखं पाणी मागत होती म्हणे. डॉक्टर देऊ देत नव्हते." त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. "मी असते तर दिलं असतं."

आजोबा दाराकडे तोंड करून उभे होते.

कुमुदिनीच्या घशाला कोरड पडली. आधी तिला ते रडूच वाटलं. मग जीभ टाळ्याला चिकटली, ओठ तडकल्यासारखे झाले. तिने खाटेशेजारचा तांब्या उचलला, पेला भरला आणि एका दमात प्यायली. दुसरा भरला, तिसरा भरला. पाणी हनुवटीवरून ओघळून साडीवर सांडत होतं. तहान जात नव्हती.

आजी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सलाईनची सुई लावलेला हात उचलून तिच्या पाठीवर ठेवला आणि हळूहळू फिरवू लागल्या.

"सावकाश पी गं," त्या म्हणाल्या. "कुणी नाही म्हणत नाहीये आता."