गुरुजींचा संगणक आणि न सापडलेला शब्द

मी प्रेमसिंग राठोड गुरुजींच्या घरातला संगणक बोलतोय. दारव्ह्याजवळच्या एका तांड्यावर, पुढच्या खोलीत, खिडकीला लागून माझं टेबल आहे. घरात मला संगणक कोणी म्हणत नाही. गुरुजींच्या पत्नी बसंतीबाई मला कंपूटर म्हणतात.

माझा जन्म एका जागी झाला नाही. पडदा कुठून आला, पेटी कुठून आली, कळफलक तिसरीकडून. यवतमाळच्या एका दुकानात कुणीतरी हे सगळं जोडलं, बटण दाबलं, आणि मी डोळे उघडले. समोर जाड चष्म्याचा, पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस उभा होता. त्याने मला विचारलं नाही, दुकानदारालाच विचारलं, "याच्यात मराठी लिहिता येते ना?" ते गुरुजी. जीपमध्ये माझी पेटी त्यांच्या मांडीवर होती आणि पडदा बसंतीबाईंच्या. खड्डा आला की दोघंही मला छातीशी घट्ट धरत.

गुरुजी तांड्यावरच्या शाळेत पहिलीला शिकवत. पोरांची गाडी पहिल्याच दिवशी कुठे अडते हे त्यांना ठाऊक होतं. घरी पोरं गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलत. पुस्तकात 'आई' असे, घरी 'याडी'. पुस्तकात 'भाकर', घरी 'बाटी'. हुशार पोर नुसतं भाषेपायी गप्प बसे, आणि लोक त्याला मठ्ठ म्हणत. म्हणून गुरुजींनी शब्दांची यादी करायला घेतली. गोरबोलीतला शब्द, त्याचं चित्र, त्याचा मराठी अर्थ आणि त्याचा आवाज. आवाज बसंतीबाईंचा.

बसंतीबाई आधी लाजल्या. "मले काय येते?" म्हणाल्या. गुरुजी म्हणाले, "तुले जे येते तेच तं पाह्यजे." मग रोज दुपारी जेवणं झाली की दोघं माझ्यासमोर बसत. गुरुजी बोट वर करत, बसंतीबाई शब्द बोलत, मग थोडी जागा मोकळी सोडत. त्या मोकळ्या जागेत ऐकणाऱ्या पोराने तो शब्द म्हणायचा. गुरुजी निवृत्त झाले तरी हे काम थांबलं नाही. बारा वर्षांत सहा हजारांवर शब्द माझ्या पोटात जमा झाले.

माझ्या कुलपाची गोष्ट याच बारा वर्षांतली. गुरुजींचा पुतण्या प्रफुल्ल लग्नाचे फोटो टाकायला बसला आणि जागा करायच्या नादात 'क'चे सगळे शब्द पुसून गेला. गुरुजी त्याला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांनी 'क' पुन्हा पहिल्यापासून केला आणि मला पासवर्ड घातला. पासवर्ड विसरलाच तर आठवण द्यायला एक ओळ लिहायची असते. तिथे गुरुजींनी लिहिलं, 'जे विसरणार नाही ते.' हसले आणि उठले. तो शब्द त्यांनी कोणालाच सांगितला नाही. पोरांना मात्र आयुष्यभर सांगत आले, लिहून ठेवा रे, लिहून ठेवा!

गेल्या वर्षी, कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी गुरुजी अंगणात तोंड धुवायला गेले आणि तांब्या पडल्याचा आवाज आला. मग बसंतीबाईंची हाक आली, मग आणखी माणसांच्या. मी बंदच होतो, पण घर रिकामं झालेलं कळतंच. तीन आठवडे माझ्यावर कोणी कापड झटकलं नाही.

यवतमाळच्या दवाखान्यातून गुरुजी परत आले तेव्हा लकव्याने त्यांचा उजवा हात लुळा होता आणि शब्द गेले होते. सगळे नाही, एक उरला होता. पाणी हवं असलं तरी ते म्हणत "कागद", भूक लागली तरी "कागद". बसंतीबाईंना हाक मारायला जात आणि तोंडातून "कागद" निघे. मग ते डोळे मिटून घेत.

त्यांना समजत मात्र सगळं होतं. दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी तसं सांगितलं होतं. "शब्द गेले नाहीत, वाट बुजली आहे. घरच्या बोलीतूनच सुरुवात करा. चित्र दाखवा, शब्द ऐकवा, त्यांना वेळ द्या."

बसंतीबाई कामाला लागल्या. तांब्या दाखवत, भाकर दाखवत, शब्द बोलत. दोन दिवस गुरुजींनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं त्याला बायकोने तांब्या दाखवून 'म्हणा' म्हणावं, हे त्यांना सोसलं नाही. बसंतीबाई तांब्या घेऊन तशाच बसून राहिल्या. बसल्या बसल्या त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"सगळं तं याच्यातच हाये," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "त्यायनंच केलेलं."

त्यांनी मला चालू केलं. मी पासवर्ड विचारला.

नागपूरला नर्स असलेली त्यांची मुलगी निकिता फोनवरून एकेक अक्षर सांगत होती आणि बसंतीबाई एका बोटाने कळ शोधत होत्या. स्वतःचं नाव टाकलं. निकिताचं टाकलं. शाळेचं, तांड्याचं, बैलांची नावं टाकली. मी प्रत्येक वेळी नाही म्हणालो आणि ती ओळ दाखवली: 'जे विसरणार नाही ते.' गुरुजींना खुर्चीवर बसवून त्यांचा डावा हात कळांवर ठेवला. बोट एका कळेपर्यंत गेलं, थांबलं, परत आलं.

तुम्हाला वाटेल, याला तर पासवर्ड ठाऊक होता, मग याने का अडवलं? खरं सांगतो, मलाही तो सांगता आला नसता. आम्ही पासवर्ड लिहून ठेवत नाही, त्याचा नुसता ठसा ठेवतो. समोर आला तर ओळखू शकतो, आपणहून बोलू शकत नाही. त्या दिवशी खुर्चीवरचे गुरुजी आणि टेबलावरचा मी, दोघांची गत एकच होती.

बसंतीबाईंनी माझी पेटी गोधडीत बांधली आणि जीपने दारव्ह्याला नेली. पहिल्या दुकानात एक जण म्हणाला, "फॉरमॅट मारा लागते, काकू. नवं कोरं होऊन जाईल."

"अन् आतलं?"

"आतलं जाते ना मंग. सारं साफ."

"साफ करायले आणलं नाई मी," असं म्हणून त्यांनी गोधडीची गाठ पुन्हा बांधली.

बाजारातल्या एका बाईने त्यांना रहमतभाईंच्या दुकानाचा पत्ता दिला. रहमतभाई विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात. तांब्याच्या तारांच्या त्या पसाऱ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांची मुलगी जिया संगणक दुरुस्त करते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पासवर्ड गेला म्हणजे माल गेला असं नाई, काकू. दार बंद हाये, घर तं जागच्या जागीच हाये."

"मंग दे उघडून."

"देते. पण मशीन गुरुजींचं हाये. मी मालकाच्या समोरच उघडते, मागं नाई. उद्या येते तुमच्या तांड्यावर."

"त्यायले बोलता नाई येत, बाई."

"मान तं हालवता येते ना?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास जिया स्कूटीवर आली. माझ्याकडे न येता ती आधी गुरुजींच्या खाटेजवळ जाऊन खाली बसली. "गुरुजी, मी जिया. रहमतभाईची पोरगी. तुमचं मशीन उघडू का? पहिले सगळं दुसरीकडं उतरवून घेईन, मंग कुलूप काढीन. पुसणार काहीच नाई."

महिनाभर गुरुजींना कोणी असं विचारलं नव्हतं. त्यांच्यासाठी सगळं परस्पर ठरत होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "कागद," ते म्हणाले, आणि मान हलवली.

जियाने मला एक पेनड्राइव्ह लावला आणि माझ्या रोजच्या वाटेने न उठवता त्यातल्या दुसऱ्याच वाटेने जागं केलं. पुढच्या दाराला कुलूप तसंच होतं, पण मागून घर उघडलं. तिने माझ्या पोटातला एकेक शब्द आपल्या डिस्कवर उतरवायला सुरुवात केली. मी म्हातारा, माझी चकती झिजलेली. मध्येच मी अडकलो. बसंतीबाईंच्या हातातलं भाजी निवडायचं सूप तसंच राहिलं.

"काहून थांबलं?"

"दमलं, काकू. दम घेऊ द्या."

ती घाई न करता थांबली, ओढाताण केली नाही. दुपारपर्यंत सगळं उतरलं. फक्त अकरा आवाज निघाले नाहीत, तिथे चकती खराबच झाली होती. तिने ते लपवलं नाही. अकरा शब्दांची नावं कागदावर लिहून बसंतीबाईंच्या हातात दिली. मग तिने माझा जुना पासवर्ड काढून टाकला. तो शब्द काय होता हे कोणालाच कळलं नाही, आजही कळलेलं नाही.

मी नेहमीच्या वाटेने जागा झालो. जियाने पहिला धडा लावला आणि घरात बसंतीबाईंचा बारा वर्षांपूर्वीचा आवाज उमटला. "याडी." मग ती मोकळी जागा आली. या वेळी गुरुजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं नाही.

मग ते रोज माझ्यापुढे बसू लागले. डाव्या बोटाने कळ दाबत, ऐकत, ओठ हलवत. त्या वेळी बसंतीबाई मुद्दाम मागच्या अंगणात काम काढत. मी चुका मोजत नाही, चेहरा पाडत नाही, शंभर वेळा दाबलं तरी शंभराव्यांदाही तसाच बोलतो. माणसांना हे जमत नाही. त्यात त्यांचा दोष नाही, माणसांना माया असते.

सतराव्या दिवशी धड्यातल्या आवाजामागे कुठलासा कोंबडा आरवला. रेकॉर्डिंगच्या वेळी अंगणात असेल. गुरुजींना हसू आलं, आणि हसता हसता तोंडातून निसटलं, "कुकडो." धड्यात तो शब्दच नव्हता. ते स्वतःच दचकले. अंगणातलं भांडी घासणं थांबलं. बसंतीबाई आत आल्या नाहीत, दाराआड उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाशी धरून तिथेच रडल्या.

आता गुरुजींकडे शंभरेक शब्द आहेत. काही दिवस चांगले जातात, काही दिवस पुन्हा 'कागद'च. मीही थकलोय. पंखा घरघरतो, उठायला वेळ लागतो. पण मला आता भीती नाही. माझ्यातले सगळे शब्द एका डिस्कवर जियाकडे आहेत, एकीवर निकिताकडे. नवा पासवर्ड बसंतीबाईंनी ठेवला, वहीत लिहिला आणि लेकीलाही सांगितला. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर एवढंच करा. त्याचा शब्द आपल्या एका माणसाला सांगून ठेवा, आणि आतलं सगळं आणखी एका जागी ठेवा. आम्ही राखण करतो, पण आम्हाला माणूस ओळखता येत नाही.

कालची गोष्ट सांगतो आणि थांबतो. ते अकरा शब्द पुन्हा बोलून भरायला बसंतीबाई माझ्यासमोर बसल्या. चौथी शिकलेली बाई. एकेक कळ शोधत त्यांनी वर नाव लिहिलं, 'नवि यादि'. मागच्या खुर्चीवर गुरुजी होते. त्यांनी डावं बोट वर केलं. ओठ दोनदा जुळले, सुटले.

"दीर्घ," ते म्हणाले.

दवाखान्यातून आल्यापासूनचा हा त्यांचा पहिला नवा मराठी शब्द. बसंतीबाई वळल्या नाहीत. मान खाली घालून त्यांनी 'नवि'चं 'नवी' केलं आणि थांबल्या. मागचं बोट अजून वरच होतं.

"दोन्ही," गुरुजी म्हणाले.