निरोगी क्रमांक चार

आमच्या लॅबमध्ये एक रीत होती. टीबीवर काम करायचं तर लागण झालेल्यांच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणसांचंही रक्त लागतं, आणि ते द्यायला बाहेरचं कोण येणार? मग आम्हीच दर दोन महिन्यांनी बाह्या वर करायचो. नळीवर नाव नाही, नुसता क्रमांक. मी निरोगी क्रमांक चार.

रक्त काढायचा सुयोग. मुलुंडचा, माझ्यासारखाच पीएचडी करणारा, आणि लॅबमधला माझा एकुलता एक मित्र. माझी मम्मी मरोळहून त्याच्यासाठी वेगळे फुगे, म्हणजे आमचे गोल फुगलेले पाव, तळून द्यायची.

जूनमध्ये नळ्या गरागरा फिरवायच्या मशीनमध्ये टीबीच्या जंतूंची एक नळी फुटली. खोलीत आम्ही दोघंच होतो. "मी मॅडमना सांगतो, तू टेन्शन नको घेऊ," सुयोग म्हणाला. मॅडम म्हणजे आमच्या गाईड, लॅब त्यांचीच. मी घेतलं नाही. इतकी मी शहाणी!

काल त्याने थिसिस माझ्यापुढे ठेवला. "शर्ली, आकृत्या बघून दे ना, तुझी नजर बारीक आहे." माझी नजर त्याला आठवली, पण माझा क्रमांक मला पाठ असेल हे गड्याच्या डोक्यातच आलं नाही. सातव्या आकृतीत चार नंबर निरोगींमध्ये नव्हता. तो 'नव्याने लागण' या गटात होता, ऑगस्टपासून.

आता फेब्रुवारी. तीन आठवडे मला खोकला आहे. मी त्याला एसीचा खोकला म्हणत होते. आणि बहिणीची सात महिन्यांची मुलगी रोज माझ्याच कुशीत झोपते.

"तुला माहीत होतं?"

"अगं, लागण म्हणजे आजार नाही. दहातल्या एखाद्यालाच..."

"मला शिकवू नको. सहा महिने गप्प बसलास?"

"मॅडमना सांगितलं असतं तर चौकशी, लॅब बंद. माझी वाट लागली असती यार. आणि तू औषध सुरू केलं असतंस तर..." तो अडखळला. "तर पुढचे आकडे मिळाले नसते."

असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. तरी एक प्रश्न उरलाच होता.

"खोलीत तूही होतास. स्वतःची टेस्ट केलीस?"

"केली."

"मग?"

"पॉझिटिव्ह आली. बाहेरच्या डॉक्टरकडून गोळ्या घेतल्या. तीन महिन्यांचा कोर्स होता, झाला."

शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं मी. याला मी भाऊ मानत होते.

त्याच्यासमोरच मी बहिणीला फोन लावला. "बेबीला मम्मीच्या खोलीत हलव. आजच डॉक्टरकडे ने, मीही तपासून घ्यायला चाललेय."

"का गो? काय झालं?"

तेवढ्यात सुयोग हळूच म्हणाला, "फोनवर लॅबचं नाव नको घेऊ ना."

मी लॅबचं नाव घेतलं. मग त्याचंही घेतलं.