पंचमीच्या दिवशीचा चर

पाथरीकडून आमच्या गावाला सडक यायली म्हणून समदे खूश, घोर काय तो एकट्या दगडाबाईला. सडकंचा नवा भराव पडला तो नेमका तिच्या रानाच्या वरच्या अंगाला. उघडी बोडकी माती, तिला ना गवत ना दगड. जरा सर आली की समदा गाळ हिच्या ज्वारीत. नवरा गेल्यापासून ती न् तिची लेक त्या एवढ्या पट्टीवरच जगायल्या होत्या, आन् औंदा वरच्या चार-दोन ओळींतली ज्वारीची ताटं गाळात दबून पिवळी पडली होती.

मी त्याच भरावावर मातीच्या पाट्या टाकायची, म्हणून मला समदं ठावं. पायथ्याला आधी चर काढा, पाणी ओढ्यात जाऊ द्या, असं सायबानं बजावून सांगितलेलं. पर आमचा मुकादम बन्सीधर पडला गंगाखेडचा गोडबोल्या. त्याचं आपलं भराव आधी, चर मागून. बैल गेला न् झोपा केला, ही त्या बाबाची रीत. दगडाबाई लय हातापाया पडल्यावर म्हणला, पंचमी झाली की धरूच.

ढगाला काय पंचमी कळती का? सकाळी आमी बाया वारुळाला गेलो. वारूळ दगडाबाईच्याच रानाच्या धुऱ्यावर, बांधाच्या खालच्या कोपऱ्याला. लाह्या-दूध वाहिलं, फेर धरला, तवर पश्चिमेकडून आभाळ काळंभोर होऊन आलं.

दगडाबाई पळतच दिराकडं, सूर्यभानाकडं गेली. आमच्या सडकंच्या गँगचे समदे गडी त्याच्या शब्दातले. चर काढून द्या म्हणून तिनं पदर पसरला. त्यानं मान खाली घातली. नागपंचमीला जमिनीला कुदळ लावायची न्हाई, नागाला लागलं तर कूळ बुडतं, असं म्हणला. माणूस वाईट न्हवता, पर माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणलं, खणायचं न्हाई ना? मग रचा की! रचायला कोणत्या देवानं बंदी घातली?

ते मातर समद्यांना पटलं. सडकंच्या कडंचे दगड उचलून बाया-गड्यांनी रानाच्या वरच्या बांधाला ओळीनं रचले, फटीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या कोंबल्या. पाऊस कोसळला. लाल-काळा गढूळ लोंढा भरावावरून उतरला, दगडाला धडकला आन् थांबला. ज्वारीत थेंबभर गाळ न्हाई. दगडाबाई हसली, लय दिवसांनी हसली बिचारी. बन्सीधर तर मिशीला पीळ द्यायलाय, जसं काय ह्यानंच दगड वाहिले.

पर पाणी थांबतंय व्हय? ते दगडाच्या कडंकडंनं धुऱ्याला लागलं आन् सरळ खालच्या कोपऱ्याकडं निघालं. कोणाच्या ध्यानातच आलं न्हवतं. बघता बघता लोंढा वारुळाला भिडला, बुडातलं एक ढेकूळ सुटून वाहून गेलं. आतला नाग बुडतोय म्हणून आमी बाया वरडायला लागलो.

मधूनच पाणी तोडून ओढ्याकडं काढलं तर वारूळ वाचणार होतं. पर ती वाट उभ्या ज्वारीतून जायची, आन् खणावं लागायचं ते येगळंच.

दगडाबाईनं बाभळीखालची गँगची कुदळ उचलली. चार दगड बाजूला सारले आन् आपल्याच पोटरीला आलेल्या, कणसं धरायच्या बेतातल्या ज्वारीत घाव घातला. ताटं मुळासकट उपटून पडायला लागली. सूर्यभान धावत आला.

"वैनी, आज पंचमी हाय. नाग रागवल."

ती थांबली न्हाई.

"मला थोरला न्हाई न् पाठचा भाऊ न्हाई, भाऊजी. काल भावाचा उपास केला तो ह्या नागाच्याच नावानं. रागवल तर रागवू द्या. रागवायला जित्ता तर राहील."

सूर्यभानानं दुसरी कुदळ घेतली आन् तिच्या पुढं होऊन खणायला लागला. त्याच्या मागं समदे गडी आले.

चर ओढ्याला मिळाला तवा वारूळ उभं होतं आन् निम्मी ज्वारी चिखलात गेली होती. दगडाबाई तिथंच बसून हमसून हमसून रडली. लोक म्हणले, भक्तीनं रडायली. मी जवळ बसले होते. ती ज्वारीसाठी रडायली होती.