अर्धी अर्धी गोळी

स्फाक्सच्या इस्पितळात उदासीवरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे डॉक्टर राफिकालाही ठाऊक नव्हतं.

तपासणीला आलेली मनूबिया सहज बोलून गेली, "मी आणि खदूजा, इथल्याच बाकावर ओळख झाली आमची, गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून घेतो. एकीला औषध आणि एकीला खडू, बरं दिसतं का ते?"

राफिकाचं डोकंच फिरलं. "अहो, माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीत. कुठे चालतो हा उद्योग?"

"रोज तिच्या घरी. कॉफी तिची, सुरी माझी."

दोघींना चाचणीतून काढणं भागच होतं. राफिकानं पेन उचललं आणि तिचा हात थबकला. मनूबियाला चाचणीत घेतलं होतं, ते तिनं दोन वर्षं घराचा उंबरा ओलांडला नव्हता म्हणून.