उशिरा पालवणारं झाड

"आधी हा पाव खा, म्हाताऱ्या. उपाशीपोटी कोकिळा कानावर पडली, तर वर्षभर फसत राहशील."

लेइदाने राईच्या पावाचा तुकडा नवऱ्याच्या हातात ठेवला. एस्टोनियाच्या या दलदलीत वसंतात कुणी रिकाम्या पोटी उंबरठा ओलांडत नाही. आर्वेदने मुकाट्याने पाव चावला. काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे नेले होते, पण आज स्वारी खुशीत होती. कुऱ्हाड कालच कमरेला अडकवून पाहिली होती.

पूर ओसरला होता आणि तो आपलं झाड पारखायला निघाला होता. थंडीत ते पाडायचं आणि अख्ख्या खोडाची शेवटची होडी कोरायची. त्या होडीच्या आशेवरच हा माणूस सकाळी अंथरुणातून उठतो, हे लेइदाला पक्कं ठाऊक होतं.

झाड अ‍ॅस्पेनचं. लग्नाच्या वर्षी आर्वेदने मुळातून वर आलेल्या धुमाऱ्यांमधला हिरवट सालीचा एक निवडला. करड्या सालीचं झाड आतून लवकर सडतं. मोठ्या हरणांनी शेंडा खाऊ नये म्हणून कुंपण घातलं, बाजूच्या फांद्या बोटाएवढ्या असतानाच छाटल्या. पोटच्या पोरासारखं जपलं. आणि गेल्या शरदात लेइदाला त्याच्या बुंध्यावर घोड्याच्या खुरासारखी टणक अळंबी दिसली. तिने खोड ठोकून पाहिलं. आत नुसता भुसा. सडायचंच होतं मेल्याला, तर याचे डोळे होते तेव्हा सडायचं! ती तिथेच बसून रडली. घरी मात्र चकार शब्द काढला नाही.

म्हणून आज, झाड चराच्या पलीकडे असूनही, तिने त्याला चराच्या अलीकडच्याच झाडीत नेलं. चर ओलांडल्यासारखं वाटावं म्हणून मुद्दाम एका आडव्या ओंडक्यावरून नेलं. तिथलं एक अ‍ॅस्पेन तसंच सरळ होतं, तसंच जाड.

"आलं का?"

"आलं. हात लाव."

आर्वेदने सालीवरून तळवा फिरवला, मग कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकलं. खणखणीत आवाज आला.

"ऐकलंस? ठणठणीत आहे लेकाचं!" तो हसला. "होडी झाली की पहिली तुलाच बसवतो. तुझं वजन पेललं, तर गावाचं पेलेल."

"पुरे झाला चावटपणा," लेइदा म्हणाली. सुटले बाई एकदाची, असं तिला वाटलं.

तेवढ्यात वारा आला. वारा कसला, नुसती झुळूक. पण अ‍ॅस्पेनच्या पानाचा देठ चपटा, त्याला तेवढीही पुरते. डोक्यावर सळसळ सुरू झाली.

आर्वेदचं हसू मावळलं. मान वर करून तो ऐकत राहिला.

"पानं आली?"

"आली की. मे अर्धा सरला."

"एका मुळाची झाडं एकदमच पालवतात, लेइदा. आणि माझी सगळ्यांच्या मागून. कोकिळा ओरडून ओरडून दमते, तरी ती आपली उघडीच."

आर्वेदने पुन्हा एकदा सालीवरून हात फिरवला.

"हे माझं नव्हे. माझं सडलं?"

"हो."

"कधी कळलं तुला?"

"शरदात. कशी सांगणार होते रे? तू अंथरूण धरलं असतंस."

आर्वेदने खोडावरचा हात काढून घेतला.

"पाव तर खाल्ला होता मी," तो म्हणाला.

येताना तो तिचं कोपर धरून आला होता. परतताना त्याने कुऱ्हाड उलटी धरली आणि दांड्याने जमीन चाचपत तो एकटाच पुढे निघाला. लेइदा मागून धावली.

"पुढे तो ओंडका आहे. पाय उचल."

आर्वेद थांबला. ओंडका खरंच आहे का, ते त्याने दांडा पुढे करून आधी पाहिलं, आणि मगच पाय उचलला.