तितराचा तिसरा आवाज

तितराला बोलवायचे तीन आवाज असतात, आणि चुकीच्या महिन्यात चुकीचा आवाज दिला तर तितर तर येत नाहीच, वर आपलीच फजिती होते. थंडीत ती थव्यानं असतात, तेव्हा सोबत्याला मारतात तशी साधी हाक पुरते. फाल्गुन-चैत्रात जोड्या लागल्या की नराला आव्हान द्यायचं, तो भांडायला धावत येतो. आणि पिल्लं निघाली की तिसरा आवाज, हरवलेल्या पिल्लाचा. त्याला मादी येते. काही झालं तरी येते. म्हणूनच बापानं तो शिकवताना माझा कान पिरगाळून सांगितलं होतं, "हा पोटासाठी नाही. पिल्लंवालीला धरतो तो पारधी नव्हे."

हे मला येतं, हे सहा वर्षं दुबईत कुणाला ठाऊक नव्हतं. मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पात मी दौलत पवार, माळी. पवार म्हटल्यावर लोक काय समजायचं ते समजतात आणि मी समजू देतो. आमच्या तालुक्यात कुणाची कोंबडी हरवली तरी पोलीस आधी आमच्या वस्तीवर यायचे. इथं माझ्याकडं तसं कुणी बघत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यात आमचे सुपरवायझर सत्यजितसाहेब पडले शेजारच्याच तालुक्यातले. त्यांच्यापुढं मी साधी शीळसुद्धा घालत नसे.

एप्रिलात दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका गोदामामागची झुडपं काढायचं काम निघालं. ती दाट रांग मीच दोन वर्षं पाणी घालून वाढवलेली. सकाळी पाइप गुंडाळायला वाकलो तर बुडाशी पाचोळा हलला. अंगठ्याएवढी सहा पिल्लं, आणि मादी त्यांच्यावर पंख पसरून बसलेली. तिचा डोळा माझ्यावर.

मागं उमरभाईनं शॉवेल सुरू केला. शॉवेल म्हणजे आपल्या जेसीबीचा थोरला भाऊ.

"यल्ला दौलत, चल, हट जा!"

"उमरभाई, नीचे तीतर के बच्चे हैं. थोड़ा रुको."

उमर पेशावरकडचा. तीतर म्हटल्यावर तो इंजिन बंद करून खालीच उतरला. "तो पकड़ ले ना! हमारे गाँव में पिंजरे में पालते हैं."

तेवढ्यात साहेब आले. "काय चाललंय? दुपारपर्यंत साइट क्लिअर पाहिजे, क्लायंटला फोटो पाठवायचेत."

"साहेब, पिल्लं आहेत."

"मग हाकल ना त्यांना."

"हाकललं की मादी दबून बसते साहेब. वर मशीनची बकेट आली तरी उठायची नाही."

साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी घड्याळ बघितलं. "पंधरा मिनिटं. मग खलास."

झुडपांच्या मागं भिंत होती, भिंतीच्या तळाशी पाणी जायचं भोक आणि पलीकडं खजुराच्या रोपांची नर्सरी. तिथं पोचली की पिल्लं वाचली. मी फाटकातून फिरून पलीकडं गेलो आणि भोकाजवळ बसलो. साहेब माझ्या मागोमाग आले. ते आले नसते तर बरं झालं असतं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

म्हणून मी आधी पहिला आवाज दिला. त्याचा महिना कधीच सरला होता, मला कळत होतं. पण तो शिळेसारखा असतो, कुणीही घालावा असा. काही हललं नाही. मी मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि दुसरा दिला, चांगला छाती भरून. त्याबरोबर नर भिंतीवर येऊन उभा राहिला, मान ताठ, कोण आलाय ते दाखवाच म्हणून.

"पहलवान आ गया!" पलीकडून उमर हसला.

साहेब गॉगल काढून माझ्याशेजारी गुडघ्यावर बसले. पण मादी झुडपातच होती, आणि दहा मिनिटं गेली होती.

मी तळहात तोंडाशी धरला. तिसरा आवाज शेवटचा दिला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, बापासमोर बसून. येईल की नाही वाटत होतं. आला. बारीक, कापरा, अगदी रडवेला.

भोकातून आधी तिची मान बाहेर आली. मग ती सगळीच आली, हरवलेलं कोण ते शोधत, आणि तिच्यामागं एक, दोन, तीन करत सहाही. माझ्या हातभर अंतरावरून गेली. वाटेत गावाकडं जिथं फास लावलेला असायचा तिथं माझी नजर आपोआप गेली. तिथं नुसती वाळू होती. नरही भिंतीवरून उतरून त्यांच्यामागं पळाला.

"फासेपारधी ना तू?" साहेबांनी हळूच विचारलं.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? "हो साहेब."

"आमच्या रानात यायचे तुमचे लोक. आजोबा हाकलून द्यायचे." ते उठले. मग गुडघ्याची माती झटकली. "अजमानच्या साइटवर पण एक जोडी आहे. नेक्स्ट वीक तिथं कटिंग आहे. मशीन जायच्या आधी तू जाऊन ये." आणि भिंतीपलीकडं ओरडले, "उमरभाई, यल्ला!"

मला इतकं हलकं वाटलं की दुपारच्या सुट्टीत जेवणाचा डबा तसाच ठेवून मी आधी आईला फोन लावला. कृष्णाबाई माझी आई, कान अजून तिखट. तितर बोलावलं, एवढंच मी सांगितलं.

"कोणता आवाज दिलास?"

"तिसरा."

"तिसरा?" ती कडाडली. "बापानं काय सांगितलं होतं?"

"फास नव्हता, आई."

"मग?"

"मग काय. ती आली आणि गेली."

"गेली कुठं?"

"खजुरात. पिल्लं पाणी प्यायली, मग सावलीत बसली सगळी. मी शेवटपर्यंत बघितलं."



"तुझ्या बापानं जन्मभर तितरं बोलावली," ती म्हणाली. "पण आल्यावर ती कुठं जातात, ते काही त्याला बघायला मिळालं नाही."