मंगळीच्या बोटांतला दोष

मंगळीच्या बोटांत दोष आहे, असं खंडेराव सुपरवायझरने कागदावर लिहूनसुद्धा टाकलं होतं. ‘टच पॅनेल हिचं बोट ओळखत नाही. कामगार बदलावा.’ खाली तिची सही झाली, की बोईसरच्या कारखान्यातली ही नोकरी संपली.

“भात लावून लावून बोटांची पार लाकडं झालीत,” तो सगळ्यांदेखत म्हणाला. मंगळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असल्याच बोटांनी लावलेला भात हा दोन वेळा गिळतो आणि वर तोंड करून बोलतो!

पाकिटं चिकटवणाऱ्या त्या मशीनवर ती एकटीच असायची. त्याला दाबायचं बटण नव्हतं, काचेवर नुसतं बोट टेकवायचं. सकाळी दहादा टेकवावं तेव्हा ते एकदा हलायचं. पण काल दुपारी वीज जाऊन आली आणि तेच मशीन तिच्या त्याच बोटाला संध्याकाळपर्यंत मुकाट चाललं. हे सांगायला गेली, तर खंडेरावने ऐकूनच घेतलं नाही.

पॅनेल बसवणारा नीलेश तपासणीला आला होता. तिने सही केली नाही, सरळ त्याला गाठलं.

“सायेब, हे खंडेराव रोज काचेवर ओलं जास्वंद ठेवतात नि मंग मशीन चालू करतात. उदबत्ती झाली का फूल काढतात. काल दुपारी वीज आली तवा फूल नव्हतं.”

नीलेशने कपाळावर हात मारला. “अहो, चालू होताना काचेवर जे असेल, त्यालाच हे रिकामी काच समजतं! ओलं फूल धरून माप घेतलं, तर नुसतं बोट त्याला जाणवणार कसं? आणि मधूनमधून पुन्हा माप घ्यायची सोय मीच बंद ठेवलेली.”

त्याने ती सोय सुरू केली, मशीन बंद केलं, काच कोरडी पुसून पुन्हा चालू केलं. मंगळीने दहा वेळा बोट टेकवलं. दहाही वेळा मशीन हललं.

खंडेराव हसला. “चला, मिटलं. कागद फाडून टाकू.”

“फाडायचा नाय,” मंगळी कडाडली. “सगळ्यांम्होरं माझ्या बोटांना नावं ठेवलीत ना? आता खरं काय ते त्याच्यावरच लिवा. फूल लिवा.”

“देवाचं फूल दोष म्हणून लिहू?”

“देवाला कशाला मधी आनता? ठेवनाऱ्याचं नाव लिवा.”

नीलेशने पेनाचं टोपण काढलं आणि पेन खंडेरावपुढे धरलं.